नीट पुन्हा द्यायची आहे: दुसऱ्या वर्षात नेमकं काय बदलायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणी जिल्ह्यातली मुलगी, स्टेट बोर्डातून बारावी, ओबीसी प्रवर्ग. पहिल्या प्रयत्नात नीटला ७२० पैकी ४४९ गुण: जीवशास्त्र २९२, रसायनशास्त्र ९५, भौतिकशास्त्र ६२. सरकारी एमबीबीएस हुकलं. रिपीट करावं का? केलं तर क्लाससाठी लातूरला जावं की घरी राहून करावं? आणि गेल्या वर्षी सगळे क्लास केलेच होते, तर आता वेगळं काय करायचं?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण बाकीच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतात. रिपीटरचं वर्ष बहुतेक वेळा एकाच कारणाने वाया जातं. तोच अभ्यासक्रम त्याच क्रमाने पहिल्या धड्यापासून परत ऐकला जातो. ऐकताना सगळं ओळखीचं वाटतं, वह्या भरतात आणि पेपरात तेच प्रश्न पुन्हा चुकतात. दुसरं वर्ष दुरुस्तीचं असतं. आणि दुरुस्ती करायची तर बिघाड कुठे आहे ते आधी माहीत हवं. म्हणून कुठल्याही क्लासचं माहितीपत्रक उघडण्याआधी दोन दिवस या कामाला दे.

परीक्षेची प्रश्नपुस्तिका तू घरी आणलेली असेल. ओएमआरची (गोल भरलेल्या उत्तरपत्रिकेची) स्कॅन प्रत परीक्षा घेणारी एनटीए देते आणि अंतिम उत्तरतालिका संकेतस्थळावर मिळते. तिन्ही गोष्टी समोर ठेव आणि १८० प्रश्न एकेक करून तपास. तुझ्या गुणांचा हिशेब साधारण असा निघेल: जीवशास्त्रात ७६ बरोबर, १२ चूक, २ सोडलेले, रसायनात २७ बरोबर, १३ चूक, ५ सोडलेले, भौतिकात २० बरोबर, १८ चूक, ७ सोडलेले. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे चारपैकी एक खूण कर. येत होतं पण घाईत किंवा आकडेमोडीत चुकलं, वाचलेलं होतं पण आठवलं नाही, मुळात समजलंच नव्हतं, अंदाजाने मारलं. ही खूण प्रामाणिक हवी. ‘सिली मिस्टेक’ हा शब्द मुलं फार सढळ हाताने वापरतात. कोऱ्या कागदावर, उत्तर न बघता, दोन मिनिटांत तो प्रश्न आता सुटला तरच ती घाईची चूक. नाही सुटला तर ते तुला येत नव्हतं.

समज, भौतिकात ६ चुका आकडेमोडीच्या निघाल्या, रसायनात ५ विसरल्यामुळे आणि जीवशास्त्रात ८ एनसीईआरटीच्या (केंद्रीय पाठ्यपुस्तकांच्या) ओळी नीट न आठवल्यामुळे. चुकीचा प्रश्न बरोबर झाला की ५ गुणांचा फरक पडतो, कारण उणे १ जातो आणि ४ मिळतात. म्हणजे ३०, २५ आणि ४०, एकूण ९५. एकही नवा धडा न शिकता ४४९ चे ५४४ होतात. तुझे खरे आकडे वेगळे निघतील, पण हिशेबाची रीत हीच. वर्षभर कुठे वेळ घालायचा हे या कागदावरून ठरतं, वेळापत्रक छापणाऱ्या क्लासवरून नाही.

अंदाजाने मारलेल्या प्रश्नांबद्दल मुलांच्या मनात दोन टोकाचे नियम असतात: एकही सोडायचा नाही, किंवा शंका आली की सोडायचाच. दोन्ही चूक. चारही पर्याय सारखेच अनोळखी असतील तर एका प्रश्नामागे सरासरी पाव गुण मिळतो, म्हणजे जवळजवळ शून्य. आणि त्यात गेलेला वेळ वेगळाच. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर सरासरी सुमारे ०.६७, दोन बाद झाले तर १.५. त्यामुळे दोन पर्यायांवर अडकलेला प्रश्न मारायचा आणि चार पर्यायांवर अडकलेला सोडायचा. अट एकच: बाद केलेला पर्याय का बाद केला हे सांगता आलं पाहिजे.

आता रिपीट करावं का. ४४९ हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. २०२४ मध्ये सुधारित निकालानंतरही १७ जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ मध्ये भौतिकशास्त्र इतकं अवघड निघालं की देशात पहिल्या आलेल्याचे गुण ६८६ होते. खुल्या प्रवर्गाची पात्रतेची रेषा २०२४ ला १६२ होती, २०२५ ला १४४. म्हणून गुण नव्हे, क्रमांक बघ. राज्याच्या सीईटी कक्षाच्या गुणवत्ता यादीत तुझा क्रमांक कितवा आणि त्याच वर्षी शेवटच्या फेरीत तुझ्या प्रवर्गातून सरकारी जागा कितव्या क्रमांकावर संपली, यातलं अंतर म्हणजे तुला कापायचं अंतर.

इथे पालकांचा एक गैरसमज अजून टिकून आहे: ‘आपल्याला मराठवाड्याचा कोटा आहे.’ तो ७०:३० चा प्रादेशिक कोटा २०२० मध्येच रद्द झाला. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी तुझी स्पर्धा पुणे, नाशिक, नागपूर सगळ्यांशी आहे. दुसऱ्या बाजूने जागाही वाढल्या आहेत. छत्रपती संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड आणि लातूर ही जुनी चार सरकारी महाविद्यालयं. त्यांत अलीकडे धाराशिव, परभणी, जालना आणि हिंगोलीची भर पडली.

माझा कौल असा. वर्षभर मन लावून अभ्यास करून आणि सगळा अभ्यासक्रम संपवून गुण २५० च्या आत असतील, तर आणखी एका वर्षाने चित्र पालटण्याची शक्यता कमी. तिथे दुसरी वाट गांभीर्याने बघावी. बारावीच्या गडबडीत अकरावीचा अर्धा अभ्यास राहिला, आजारपण आलं किंवा एकच विषय पडला असेल तर रिपीटला अर्थ आहे. तुझं जीवशास्त्र उभं आहे आणि भौतिक पडलंय. हे रिपीटसाठी चांगलं लक्षण आहे. प्रयत्नांच्या संख्येवर किंवा कमाल वयावर सध्या मर्यादा नाही, पण म्हणून तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा विचार आत्तापासून करू नकोस.

दुसरी वाट म्हणजे फक्त बीएएमएस-बीएचएमएस नव्हे. परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांचा प्रवेशही नीटच्या गुणांवर होतो, आणि हे आपल्याकडे अनेकांना प्रवेशाच्या तारखा उलटल्यावर कळतं. सोबत एमएचटी-सीईटीचा पीसीबी गट दे. फार्मसी आणि कृषीची दारं उघडी राहतात आणि वेगळी तयारी फारशी लागत नाही. ‘जागा अडवून ठेवतो आणि आतून रिपीट करतो’ असा बेत असेल तर जागा सोडल्यास किती दंड आणि किती फी जाते, हे त्या वर्षाच्या माहितीपुस्तिकेतून वाचल्याशिवाय सही करू नका. शिवाय बीएएमएसचं पहिलं वर्ष करता करता नीटचा अभ्यास होत नाही. दोन्हीकडे अर्धवट राहतं.

लातूर की घर? लातूरला मिळते ती शिस्त, दर आठवड्याची परीक्षा आणि बरोबरीची मुलं. शिकवणं तर आता मोबाइलवरही आहे. त्यामुळे निकष हा ठेव: गेल्या वर्षी ठरवलेल्या चाचण्यांपैकी किती तू खरोखर वेळ लावून दिल्यास? निम्म्याहून कमी असतील तर बाहेर जा, घरी राहून जमणार नाही. बहुतेक दिल्या असतील, घरी स्वतंत्र खोली असेल किंवा गावात अभ्यासिका असेल, तर घरून फक्त चाचणी मालिका आणि भौतिकाची एक शिकवणी पुरते. वाचलेले पैसे कमी नसतात.

बाहेर जायचं ठरलं तर रिपीटर बॅचला तीन गोष्टी विचार. दिवसातले शिकवण्याचे तास किती? पाचाच्या वर असतील तर स्वतः सोडवायला वेळ उरत नाही, तिथे जाऊ नकोस. चाचणीनंतर चुकांची चर्चा कोण घेतं, विषयाचे सर की नुसती उत्तरांची पीडीएफ? आणि मधेच सोडलं तर फी किती परत मिळते, ते लेखी. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत उरलेल्या काळाची फी, वसतिगृह आणि मेसचे पैसेसुद्धा, १० दिवसांत परत द्यावेत असं म्हटलं आहे. पावती, माहितीपत्रक आणि हप्त्यांच्या तारखा जपून ठेवा. शेतकरी घरात दुसरा हप्ता सोयाबीन विकल्यावरच जमतो. ते प्रवेश घेतानाच बोलून घ्यावं, नाहीतर ऐन ऑक्टोबरात मुलीला वर्गात उभं केलं जातं.

आता भौतिकशास्त्र, कारण तुझे सगळ्यात जास्त गुण तिथे गेलेत. स्टेट बोर्डाच्या, विशेषतः गणित सोडलेल्या मुलांचं भौतिक बहुधा भौतिकामुळे पडत नाही, गणितामुळे पडतं. सूत्र पाठ असतं, पुढे हात अडतो. म्हणून पहिले १५ दिवस धडा उघडू नकोस. सदिशांची बेरीज आणि घटक, ०, ३०, ३७, ४५, ५३, ६०, ९० अंशांच्या त्रिकोणमितीय किमती, वर्गसमीकरण, साधं अवकलन आणि संकलन, आलेखाचा चढ आणि त्याखालचं क्षेत्रफळ, दहाचे घात, द्विपद अंदाज, २ आणि ३ चे लॉग (०.३०१ आणि ०.४७७, ते रसायनातही लागतात). रोज ४० छोटी गणितं, कॅल्क्युलेटर न वापरता. नीटला कॅल्क्युलेटर नाही, पण वर्षभर मोबाइलवर भागाकार करणारी मुलं असतात आणि मग पेपरात वेळ पुरत नाही.

धड्यांचा क्रम पुस्तकाप्रमाणे ठेवायचा नाही. सुरुवात विद्युतधारा, अर्धवाहक, आधुनिक भौतिकी आणि किरण प्रकाशिकीने कर. हे धडे तुलनेने स्वतंत्र आहेत, नियमित प्रश्न येतात आणि लवकर गुण देतात. त्यातून हात मोकळा झाला की गतिशास्त्र, न्यूटनचे नियम, कार्य-ऊर्जा, घूर्णन हा अकरावीचा कणा. तो टाळून चालणार नाही, कारण विद्युतक्षेत्रातल्या प्रभाराची गती म्हणजे शेवटी प्रक्षेपकाचीच गती. उष्मागतिकी आणि तरंग त्यानंतर. प्रत्येक धड्याला तीन थर: एनसीईआरटीतली सोडवलेली उदाहरणं उत्तर झाकून; मागच्या दहा-बारा वर्षांचे नीटचे प्रश्न; मग क्लासच्या मॉड्यूलमधले (सरावाच्या पुस्तिकेतले) ८० ते १००. त्याहून जास्त नको. २० प्रश्नांचा संच २५ मिनिटांत लावायचा. जो सुटला नाही त्याचं उत्तर लगेच वाचायचं नाही, दहा मिनिटं झगडायचं. उत्तर वाचल्यावर तीन दिवसांनी तोच प्रश्न कोऱ्या कागदावर, पुन्हा १५ दिवसांनी. दोन्ही वेळा सुटला तरच तो चुकांच्या वहीतून खोडायचा.

चुकांच्या वहीत पूर्ण उत्तर उतरवू नकोस. एका प्रश्नाला दोन ओळी पुरतात: कुठे फसले आणि पुढच्या वेळी आधी काय तपासायचं. ‘एकक बदललं नाही, सेंमी तसंच ठेवलं.’ ‘घर्षणाची दिशा न काढता समीकरण मांडलं.’ महिन्याभरात दिसतं की २० वेगवेगळ्या चुका नसून चार चुका पाच-पाच वेळा झाल्यात.

जीवशास्त्रात ९० प्रश्न, ३६० गुण. इथे स्टेट बोर्डाच्या मुलांचा घोळ पुस्तकाचा असतो. प्रश्न एनसीईआरटीच्या वाक्यांवर बेतलेले असतात. बालभारतीच्या पुस्तकातली मांडणी आणि काही आकडे वेगळे आहेत. बारावी झाली आहे, आता ते पुस्तक बाजूला ठेव. एनसीईआरटीसुद्धा ‘सात वेळा वाचलं’ हे काही मोजमाप नव्हे. एक पान वाच, पुस्तक मीट, आठवेल ते लिही, मग उघडून लाल पेनने भर. लाल भाग हाच तुझा अभ्यास. आकृत्यांची नावं, तक्ते आणि कंसातली उदाहरणं यातूनच जोड्या लावा आणि विधान-कारण हे प्रश्न निघतात. जवळजवळचे आकडे एकत्र मांडून पाठ करायचे: श्वसनाच्या धड्यात भरती आकारमान ५०० मिली, अंतःश्वसन राखीव २५०० ते ३०००, उच्छ्वसन राखीव १००० ते ११००, अवशिष्ट ११०० ते १२००. शेवटचे दोन दर वर्षी मुलांना फसवतात.

अभ्यासक्रमाबाबत एक खबरदारी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने (एनएमसी) २०२४ पासून अभ्यासक्रम छाटला, पण तो नव्या एनसीईआरटीशी तंतोतंत जुळत नाही. वनस्पतींच्या कुलांचं उदाहरण घे: नव्या पुस्तकात सोलॅनेसी उरलं आहे, एनएमसीच्या यादीत मात्र माल्व्हेसी, क्रुसिफेरी, लेग्युमिनोसी, कंपोझिटी आणि ग्रॅमिनी आहेत. उलट, गेल्या वर्षी जुन्या नोट्सवरून तू वनस्पतींतलं वहन, खनिज पोषण, पचन, घन अवस्था, बहुवारिकं असे वगळलेले धडे केले असतील तर ते आता बंद. अभ्यासक्रमाची अधिकृत पीडीएफ छापून भिंतीवर लाव आणि धडे त्यावरून खोड.

रसायनात तुझ्यासारख्या मुलीला वाढ लवकर मिळते. भौतिक रसायन म्हणजे मोल संकल्पना, समतोल, विद्युतरसायन, गतिकी. इथे लागणारं गणित वरच्या १५ दिवसांतच झालेलं असेल. अकार्बनीला रासायनिक बंध, समन्वय संयुगं, डी-गट आणि पी-गट, तेही एनसीईआरटीतल्याच ओळी. कार्बनीत इलेक्ट्रॉनी परिणाम आणि मध्यस्थांची स्थिरता पक्की होईपर्यंत नावाच्या अभिक्रिया पाठ करायला बसू नकोस. पाठ केलेलं पंधरवड्यात उडतं. प्रात्यक्षिक रसायन नव्याने आलेला भाग आहे, क्लास तो शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. कॅटायनचे गट आणि त्यांचे अभिकर्मक, नायट्रेटची तपकिरी कडी, क्लोराइडची क्रोमिल क्लोराइड चाचणी एवढं दोन दिवसांत होतं.

वेळापत्रक. परीक्षा साधारण मेच्या पहिल्या रविवारी असते, निकाल जूनमध्ये येतो. पण प्रवेशफेऱ्या पावसाळाभर रेंगाळतात आणि ‘पुढच्या फेरीत लागेल’ या आशेवर रिपीटरचे दोन-अडीच महिने जातात. फेरीचे फॉर्म वडील किंवा भाऊ भरतील. तू जुलैच्या पहिल्या आठवड्यात अभ्यासाला बसलेली हवीस. डिसेंबरअखेर सगळा अभ्यासक्रम एकदा, जानेवारी-फेब्रुवारीत दुसऱ्यांदा, मार्चपासून फक्त चाचण्या आणि चुकांची वही. दिवाळीला घरी चार दिवस, पंधरा नाही. दिवसाला क्लास धरून नऊ-दहा तास पुरेसे आहेत आणि सात तास झोप हवीच. रात्री दोनपर्यंत जागणाऱ्या मुलीचा मेंदू दुपारी दोनला सुस्त असतो आणि पेपर नेमका दुपारी २ ते ५ असतो.

म्हणून पूर्ण चाचणी रविवारी दुपारी दोनलाच द्यायची. डिसेंबरपर्यंत पंधरवड्याला एक, जानेवारीपासून आठवड्याला एक, मार्चपासून दोन. २०२१ ते २०२४ या वर्षांत २०० पैकी १८० प्रश्न सोडवायचे होते; आता १८०च प्रश्न, सगळे अनिवार्य, १८० मिनिटं. जुन्या साच्याची चाचणी मालिका विकत घेऊ नकोस. पेपराचा क्रम: जीवशास्त्र ५० मिनिटं, रसायन ५०, भौतिक ६५, उरलेली १५ सोडलेल्या प्रश्नांना. गोल भरणं शेवटी ठेवायचं नाही, पान संपलं की त्या पानाचे गोल. चाचणी तीन तासांची असेल तर तिच्या चुका तपासायलाही दुसऱ्या दिवशी तीन तास दे. तेवढा वेळ नसेल तर चाचणी कमी कर, तपासणी नको.

नोव्हेंबर-डिसेंबरच्या आसपास गुण अडकतात किंवा खाली येतात. अकरावीचं नवं ताजं होताना बारावीचं मागे पडतं, हे त्याचं साधं कारण. क्लास बदलणं, नवं पुस्तक आणणं, तिसऱ्याच सरांचे व्हिडिओ पाहणं हे सगळं याच दिवसांत सुरू होतं आणि तिथेच वर्ष निसटतं. फक्त मागच्या धड्यांच्या उजळणीला रोज दीड तास वाढव. घरच्यांनी प्रत्येक चाचणीचे गुण विचारू नयेत, महिन्यातून एकदा चुकांची वही पाहावी. झोप उडाली, जेवण जाईना, जगण्यात अर्थ वाटेना असं झालं तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. तिथे मराठीतही बोलता येतं. ते अभ्यासाच्या वेळापत्रकाआधी.

माध्यमाबद्दल: मराठी निवडलं तर पुस्तिका मराठी-इंग्रजी अशी दुभाषी मिळते, पण भाषांतरात फरक आढळला तर इंग्रजी प्रश्न ग्राह्य धरतात. तू वर्षभर इंग्रजी एनसीईआरटी वाचणार असशील तर इंग्रजीच ठेव. जुलैत ठरव आणि फॉर्म भरताना बदलू नकोस.

कागदपत्रांचं काम याच वर्षी उरकून टाका, कारण गुण असून जागा गेल्याची उदाहरणं आपल्या भागात कमी नाहीत. जात वैधता नसेल तर बारावी झालेल्यांनी अर्ज कसा करायचा हे जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीच्या कार्यालयात जाऊन आत्ताच विचारा. नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्रं दोन लागतात: राज्याच्या प्रवेशासाठी राज्याच्या नमुन्यात, आणि अखिल भारतीय १५ टक्क्यांसाठी केंद्राच्या नमुन्यात, चालू आर्थिक वर्षाचं. जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का तेही बघा. एसईबीसी (राज्याचा मराठा आरक्षणाचा) प्रवर्ग त्या यादीत नाही, त्यामुळे त्या मुलांना नीटच्या फॉर्मवर तो प्रवर्ग लावता येत नाही. अधिवास प्रमाणपत्र आणि मधल्या वर्षाचं गॅप प्रतिज्ञापत्रही लागतं. दहावीची सनद, आधार आणि नीटचा फॉर्म यांवरचं नाव अक्षरन् अक्षर सारखं आहे ना, हे फॉर्म भरण्याआधी तपासा. दुरुस्तीची खिडकी मोजकेच दिवस उघडी असते.